लाँच थांबल्यावर हललेला झुमका

शनिवार, संध्याकाळ

आज लाँचवर मुग्धा भेटली. भेटली कसली, मीच हावड्याच्या घाटावर तासभर उभा होतो. ती रोज याच लाँचने घरी जाते, आणि मी कॉलेज सोडल्यापासून तिला बघायचा हाच एक मार्ग.

माझी प्रोजेक्टची वही तिच्याकडे राहिली होती. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किती मंदावतो, त्यावरून मी ग्रहाचा आकार काढला होता. आणि तो पृथ्वीसारखा खडकाळच असणार असं धरून वजनही ठोकून दिलं होतं. सरांनी त्यावर काट मारली. मी तिथेच भांडलो आणि कॉलेजच सोडलं.

"नुसत्या आकारावरून वजन कसं काढशील, शहाण्या?" मुग्धा म्हणाली. "फुगासुद्धा मोठा असतो. ग्रह ओढतो म्हणून तारा किंचित डुलतो. ते डुलणं मोजलं की वजन कळतं. ते आकडे बघितले मी, तुझा ग्रह वायूचा गोळा निघाला."

ऐकत होतो, पण लक्ष तिच्या झुमक्याकडे. लाँच हलली की तोही हलायचा.

"म्हणजे माझ्यासारखाच. नुसता फुगा."

तिचा बागबाजारचा घाट आला, लाँच धक्क्याला बांधली. न ठरवताच बोलून गेलो, "सोमवारी सरांची माफी मागतो."

ती नदीकडेच बघत राहिली. पण झुमका हलला. वारा नव्हता. लाँच स्थिर होती. मला भास झाला का? नाही, नीट पाहिलंय.

अगदी जरासाच हलला. पण ताराही तेवढाच डुलतो ना? सोमवारी जायलाच हवं.