गाड्याची हवेची भोकं उघडी ठेवण्याबाबत

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: प्रसेनजीत केरबा कुरणे, वय ४९, धंदा हॉट डॉगचा गाडा, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

हे मृत्युपत्र मी माझ्या घरी बसून, माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. सध्या चालू असलेल्या गोळ्यांमध्ये गुंगीची एकही नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात. पण सगळं अनित्य आहे हे मी रोज सकाळी वंदनेच्या वेळी मनात घोळवतो, तर एकदा त्याप्रमाणे वागायलाही हरकत नसावी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

हा मजकूर वकीलबाई तेजस्वी माने यांनी तपासला. काही ओळी कायद्याच्या कामाच्या नाहीत, त्या काढा, असं त्या म्हणाल्या. मी काढल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "राहू देत. अडत तर कुठं नाही."

हे लिहिण्याचं खरं कारण गाडा आहे. तो माझी मुलगी साक्षी हिच्याकडे राहावा, आणि चालवताना तिला इजा होऊ नये. पहिली गोष्ट कागदाने होईल. दुसरीला माणूस लागतो, आणि तो माणूस गेली सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही.

कलम १. माझ्या कुटुंबात आई आक्काताई, पत्नी निशा आणि मुलगी साक्षी अशी माणसं आहेत. धाकटा भाऊ संघर्ष गावी, हातकणंगले तालुक्यात, आईजवळ राहतो. या सगळ्यांना मी काय लिहितो आहे ते आधी सांगितलं आहे. माझ्या मागे कागद उघडून कोणी चकित होऊ नये.

कलम २. मंगळवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर माझ्या कष्टाचं आहे. ते निशाचं. पोस्टात आणि बँकेत जे असेल तेही निशाचं. तिने ते कोणाला विचारून खर्च करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घरातली बाकीची अंमलबजावणी आजपर्यंत तीच करत आली आहे.

कलम ३. गावच्या जमिनीत माझा जो वाटा येतो तो संघर्षला द्यावा. आईला तिच्या हयातभर त्याने सांभाळावं. तो सांभाळतोच, ही अट त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. पण त्या बदल्यात त्याने गाड्यावर हक्क सांगू नये. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "दादा, पोरीच्या नावावर गाडा कशाला करतोस? उद्या ती सासरला जाणार, गाडा जाणार भंगारात." मी उत्तर द्यायच्या आधी आईच बोलली, "जाताना ढकलत न्हील की. चाकं कशाला लावल्यात त्येला?" त्यावर संघर्ष हसला. त्याने ते मान्य केलं असं मी धरून चाललो आहे.

कलम ४. जोतीराम साळोखे हा माझ्या शेजारी ऑम्लेटचा गाडा लावतो. माझी जुनी मोठी छत्री त्याला द्यायचं मनात होतं. तो या कागदावर साक्षीदार आहे. वकीलबाईंचं म्हणणं, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष नसलेली बरी, उद्या कोर्टात कोणी बोट दाखवतं. म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. माझ्या छत्रीची सावली मात्र तो पहिल्या दिवसापासून न विचारता घेत आला आहे. ती सावली त्याच्याकडे राहू द्यावी.

कलम ५. हॉट डॉगचा गाडा. तो कसा झाला ते साक्षीला माहीत असावं म्हणून लिहितो.

मी आणि धैर्यशील आण्णासो खोत एकाच गावचे. शाळेत एका बाकावर बसलो, पुढे कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये एकत्र वेल्डिंग केलं. तिथे एक हॉटेलवाले नकाशा घेऊन आले. त्यांना परदेशात असतो तसा हॉट डॉगचा गाडा बनवून हवा होता. नकाशा ठेवून गेले ते परत आलेच नाहीत. वर्कशॉपचे मालक म्हणाले, "न्या घरी. पोरांच्या पतंगाला कागद हुईल." नकाशा मी घरी आणला. बरेच दिवस तो भिंतीवर होता. वर्कशॉपचं काम कमी झालं तेव्हा मी धैर्यशीलला म्हणालो, आपणच करू. तो म्हणाला, "आनि त्यात विकायचं काय? हितं मिसळ सोडून कोन काय खातंय?" पण दुसऱ्या दिवशी तो मोडीत निघालेल्या लुनाची चाकं घेऊन हजर झाला.

अँगलचा सांगाडा, वरचा स्टीलचा पत्रा, सॉसेज वाफवायचं झाकणाचं पातेलं, पाव शेकायचा तवा आणि दोन बर्नरची शेगडी ही माझी कामं. चाकं, ब्रेक आणि ढकलायची दांडी त्याची. दांडीसाठी त्याने आण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, जुन्या बैलगाडीचं बाभळीचं लाकूड आणलं. लोखंडी पाइप उन्हात तापतो, बाभूळ तापत नाही. ते त्याचं बरोबर होतं.

सिलिंडरच्या कप्प्याला नकाशात अगदी तळाशी भोकं दाखवली होती. तो म्हणाला, "खालनं उंदरं शिरतील. पानी उडंल." मी त्याला सांगितलं, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली साठतो. त्याला बाहेर पडायला खालूनच वाट पाहिजे. त्याने ऐकलं, आणि गाड्याची ती सगळी भोकं त्याने स्वतः ड्रिलने पाडली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी पेठेतले एक म्हातारे गृहस्थ गाड्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पावणं, हे हाटडाग म्हंजे कुत्र्याचं न्हाय न्हवं?" निशा म्हणाली, "कुत्र्याचं असतं तर तुमास्नी बघून भुंकलं असतं की." त्यांनी एक घेतला. कोंबडीच्या सॉसेजवर आम्ही टोमॅटोच्या सॉसऐवजी कांदा-लसणाची चटणी लावतो. शाकाहारी गिऱ्हाइकाला बटाट्याचा लांबट रोल, त्याचा तवा वेगळा. तो वेगळाच ठेवावा. कोणी बघत नसताना आपण काय करतो यावरच माझी सगळी श्रद्धा उभी आहे.

हा गाडा, शेगडी, पातेली आणि सिलिंडरसह, मी साक्षीला देत आहे. महापालिकेचा परवाना तिच्या नावावर करून घेण्यासाठी निशाने आपली संमती द्यावी. साक्षीने शिक्षणाप्रमाणे दुसरी नोकरी धरली तरी गाडा तिचाच. ठेवायचा, चालवायला द्यायचा की मोडायचा, हे तिने ठरवावं.

कलम ६. गाडा वापरण्याच्या अटी.

सिलिंडर कायम उभा ठेवावा. रोज शेगडी पेटवण्याआधी नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघावं. बंद करताना आधी रेग्युलेटर, मग शेगडी. कप्प्याची खालची भोकं कधीही, कोणत्याही कारणाने बुजवू नयेत.

शेवटच्या अटीमागचं कारण असं. खंडेनवमीला आमच्या भागातले लोक अवजारांची पूजा करतात. माझ्या घरी ती नाही. आम्ही गाडा सुरू करताना मेणबत्ती लावून पंचशील म्हणतो, तेवढंच. सहा वर्षांपूर्वी खंडेनवमीला धैर्यशील म्हणाला, "तुमच्यात न्हाय हे ठावं हाय मला. पर गाडा माझाबी हाय." मी म्हणालो, "कर की." त्याने गाडा चाकांपासून छत्रीपर्यंत धुतला, कुंकू लावलं, ऊस बांधला आणि झेंडूच्या माळा सोडल्या. थोडी फुलं उरली. ती त्याने कप्प्याच्या भोकांत खोचली, एकेका भोकात एक. अगदी मापात बसली. गाडा इतका देखणा मी पुन्हा पाहिला नाही.

धुण्यासाठी काढलेला रेग्युलेटर परत बसवताना त्याचा वॉशर जागचा हलला होता. संध्याकाळी निशाने शेगडी पेटवली तेव्हा कप्प्यातून जाळ बाहेर आला. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मी रेग्युलेटर बंद केला, जोतीरामने ओलं पोतं टाकलं. धैर्यशीलने तिला रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला म्हणालो, "भोकं फुलांनी बुजली होती."

तो म्हणाला, "म्हंजे माझ्या पूजेनं झालं म्हणतोस?"

"मी भोकांचं बोलतोय."

"तू कशाचं बोलतोयस ते कळतंय मला."

तो गेला. गाड्यातला आपला वाटाही त्याने सोडला. वॉशर कोणाच्या हातून हलला हे मी कधी शोधलं नाही. मी त्याच्या देवाला काही म्हटलं नव्हतं, हे इथे नोंदवतो. त्यानंतर मी त्याच्या दारात गेलो नाही आणि तो माझ्या दारात आला नाही. निशा दर वर्षी खंडेनवमीला एकच वाक्य बोलते, "हात माझा भाजला, आन् अबोला तुमी दोघांनी धरलाय."

साक्षीला कधी गाड्याला फुलं वाहावीशी वाटली तर माझी ना नाही. छत्रीच्या दांड्याला वर बांधावीत.

कलम ७. गाड्याची बाभळीची दांडी आणि माझं वेल्डिंग मशीन धैर्यशील आण्णासो खोत यास द्यावं. दांडी त्याच्या वडिलांच्या गाडीची आहे. ती आम्हाला वापरायला दिली होती, दान केली नव्हती. तो घ्यायला आला नाही तर ती गाड्यावरच राहील, पण त्याची म्हणून राहील. या गाड्याचं लोखंड माझ्याखेरीज त्यालाच ठाऊक आहे. साक्षीने गाड्याची कुठलीही दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याआधी एकदा त्याला विचारावं. तो नाही म्हणाला तर निदान विचारलं होतं एवढं राहील.

कलम ८. माझा जलदान विधी घरीच, साधेपणाने करावा. भन्तेजींना बोलवावं. लाऊडस्पीकर लावू नये. आलेल्या माणसांना गाड्यावरचं खायला घालावं, शाकाहारी माणसांना रोल. आईला चटणी जास्त लागते.

कलम ९. हे कलम नंतर जोडलं आहे.

कलम आठपर्यंत लिहून झाल्यावर मी ते घरच्यांना वाचून दाखवलं. मला न विचारता साक्षी हातकणंगल्याच्या गाडीत बसली आणि गावी जाऊन कलम सहा आणि सात धैर्यशीलला वाचून दाखवून आली.

आज सकाळी वकीलबाई आणि जोतीराम सहीसाठी घरी आलेले असताना धैर्यशील आला. तो आधी वर आला नाही. बोळात गाडा उभा होता तिथे खाली बसला आणि प्रत्येक भोकात बोट घालून पाहू लागला. आम्ही खिडकीतून बघत होतो. मग वर आला आणि दारातूनच म्हणाला, "एक बुजलंय. कोळ्यानं घर केलंया."

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रोज साबणाचं पाणी लावणारा मी, खाली वाकून बघणं आजारपणात राहून गेलं होतं.

तो निशाला म्हणाला, "वैनी, हात बघू." तिने बाही वर केली. त्याने बघितलं, आणि त्याच्याच्याने मान वर करवेना. निशा म्हणाली, "झालं न्हवं बघून? आता बसा. च्या ठेवलाय."

चहा झाल्यावर मी त्याच्यापुढे कलम सात ठेवलं. तो म्हणाला, "दांडी नेऊ व्हय मी? मग पोरगी गाडा काय कानाला धरून ढकलंल?"

"आण्णांची हाय ती."

"आण्णा गेलं. बैलं गेली. तेवढीच चालती हाय, तर चालू दे की." मग त्याने वकीलबाईंना विचारलं, "सही कोन कोन करनार हाय?" त्यांनी जोतीरामकडे बोट केलं, आणि दुसरे साक्षीदार खालच्या मजल्यावरचे शेजारी आहेत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मी करतो." वकीलबाईंनी त्याला कलम चारमधली गोष्ट समजावून सांगितली, की कलम सातमधून काही मिळणार असेल तर साक्ष नको. तो म्हणाला, "मग खोडा त्यातलं. मशीन पोरीला ऱ्हाऊ दे. मी शिकवीन तिला."

त्यावरून कलम सातमधलं पहिलं वाक्य आणि दांडी घ्यायला येण्याबद्दलचं वाक्य मी रद्द करत आहे. दांडी गाड्यासोबत आणि वेल्डिंग मशीन, दोन्ही साक्षीला. कलमातला बाकीचा मजकूर कायम. खाडाखोडीजवळ माझी सही आहे.

धैर्यशील खोत याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. तो खरा आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करत आहे.

ठिकाण: मंगळवार पेठ, कोल्हापूर
तारीख: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) प्रसेनजीत केरबा कुरणे

साक्षीदार:
प्रसेनजीत कुरणे यांनी आमच्यासमोर सही केली. ती पाहून आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या करत आहोत.

१. (सही) जोतीराम बाळू साळोखे, धंदा ऑम्लेटचा गाडा, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

२. (सही) धैर्यशील आण्णासो खोत, धंदा वेल्डिंग, तालुका हातकणंगले.
कोळ्याचं जाळं काढलं. सगळी भोकं उघडी हायेत. दर सोमवारी येऊन बघत जाईन.