ताईच्या छातीतलं पाणी

७ जाने. ८४
भाऊजी ताईला सेलूहून घेऊन आले. महिनाभर ताप, उजव्या कुशीत कळ. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी. आमच्याच मेडिकल कॉलेजात भरती. मी इथं लॅबमध्ये आहे हे बरं की वाईट...

११ जाने.
टी.बी.साठीच्या मान्टू टेस्टची सुई हातावर दिलेली जागा सपाट. थुंकीतही जंतू नाहीत. माझे सर, ताईला तपासणारेही तेच, म्हणाले, "टी.बी. असता तर हातावर गाठ उठली असती. कॅन्सर डोक्यात ठेव."
भाऊजी जिन्यात. "काय म्हन्ते डॉक्टर?" म्हटलं, तपासण्या चालू आहेत.

१२ जाने.
मेंढीच्या तांबड्या पेशी मिसळल्या की त्या टी-पेशींभोवती, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींभोवती चिकटतात, फुलासारख्या. ताईच्या रक्तात अशी फुलं विरळ. छातीतल्या पाण्यात मात्र गच्च. पुन्हा करून पाह्यलं, तेच. म्हणजे लढणाऱ्या पेशी सगळ्या छातीत धावल्या, म्हणून हातावर काही उठलं नाही? असं असेल तर टी.बी.च. असेल तर.

१३ जाने.
सरांनी स्लाइड बराच वेळ पाहिली. "लिम्फोमातही, याच पेशींच्या कॅन्सरातही, असं दिसेल. बहीण आहे म्हणून तुला हवं ते दिसतंय." रागावले नव्हते. त्यानंच जास्त लागलं.

१७ जाने.
फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला, त्यात नुसती सूज; ना टी.बी. ठरला, ना कॅन्सर. पाण्यातले जंतू नळीत उगवतात का, ते कळायला दीड महिना.
भाऊजी भडकले. "तू भिंगात पाहून राह्यली अन् ते वाळून राह्यली. नागपूरले नेतो मी तिले." सर मधे पडले: "पंधरा दिवस द्या. टी.बी. धरून औषध सुरू करतो." भाऊजी माझ्याकडे न बघता हो म्हणाले.

२५ जाने.
ताप तसाच. ताई: "काऊन लपवून राह्यली माह्यापासून?" सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्दसुद्धा.
"तुले काय वाट्टे?"
"टी.बी."
"अन् नसला त?"
तिचा हात धरून बसले.

३ फेब्रु.
ताप उतरला. पाणीही कमी. धावत सरांकडे. "असं पाणी औषधाशिवायही उतरतं कधीकधी. अन् कॅन्सरचाही ताप खालीवर होतो. नळीत काही उगवेपर्यंत खात्री धरू नकोस."
परत आले तर ताई उठून बसलेली, वेणी घालत.
"घरी जातो मी आता. तुह्या भाऊजीले काय सांगू, बरी झाली म्हनून?"
तिची वेणी माझ्या हातात घेतली. म्हटलं, "ताप उतरला एवढंच सांग, अन् औषध सोडू नको."