अंबाडीचा पंचनामा

ईश्वरदास, पोलिसाची गाडी माझ्या दारात तीन तास उभी होती. साऱ्या गावानं पाहिली, केशोरीच्या बाजारात त्याच दिवशी चर्चा झाली, तुझ्या कामठ्यापर्यंत बातमी संध्याकाळच्या आत पोचली (तुझ्या बायकोनं, नीलानंच सांगितलं), आणि तू आठ दिवसांत एक फोन केला नाही. तेरवीचं जेवण असतं तर सकाळच्या पहिल्या बसनं आला असता. बहीण घरी आहे का जेलात, एवढं तरी माणूस विचारते.

असो. चिरंजीव ईश्वरदास यास मोठ्या बाईचा आशीर्वाद, रागानं दिला तरी तो लागते. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू सांगत बसशील. नीलाची कंबर कशी आहे ते मात्र कळव. इकडं धान बरा आहे, म्हैस गाभण आहे, सून अल्का माहेरी जाऊन आली आणि जाड होऊन आली. हे सारं फोनवरच सांगितलं असतं, पण तुले ऐकू येत नाही आणि न ऐकता तू सगळ्याले हो म्हणते. शिवाय माझी नात भूमिका म्हणते, केसचं बोलणं फोनवर करू नये. चिठ्ठी चुलीत जळते, फोन जळत नाही. (मी तिसरी शिकलेली बाई, अक्षराले नावं ठेवू नको. तू सातवीत दोनदा बसला तेव्हा मी काही म्हटलं होतं काय?)

आता झालं काय ते ऐक. घरामागच्या वाडीत यंदा मी अंबाडी लावली. अठ्ठावीस झाडं, पाऊस चांगला, माझ्या डोक्याच्या वर गेली. पुढं चुन्नीलालचा पानठेला आहे. त्याच्या ठेल्याचं सांडपाणी माझ्या कुंपणात येते म्हणून मी ग्रामसभेत बोलली होती, तेव्हापासून तो माझ्याकडं पाहून थुंकते. तसा तो सगळीकडंच थुंकते, पण माझ्याकडं पाहून जरा लांब. तर या चुन्नीलालनं कुंपणातून मोबाईल घालून पानाचा फोटो काढला आणि मोबाईल म्हणाला, गांजा. आता अंबाडीचं पान बोटं फुटल्यासारखं, गांजाचंही तसंच. मोबाईलचा काय दोष, त्यानं कुठं भाजी खाल्ली आहे. पण चुन्नीलालले त्याच्या मायनं अंबाडीच्या भाजीवरच वाढवलं. तरी हा माणूस सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता पोलिसाले फोन लावते. (खर्र्यातला तो वासाचा तंबाखू बंदीचा आहे, हे मले जमादारानंच सांगितलं. त्याच्याही गालात तेव्हा खर्राच होता.)

तर जमादार आले, दोन शिपाई आले, आणि पंच म्हणून कोण, तर चुन्नीलाल. मी म्हटलं, सायब, ही अंबाडी होय, आंबट लागते, खाऊन पाहा. जमादार म्हणाले, आजी, पुरावा खाता येत नाही. जमादार पोरगा शहरातला, गोंदियात हिंदीत वाढलेला, त्यानं अंबाडी फक्त ताटात शिजलेली पाहिलेली. मी म्हटलं, मग शिजवून देते. अल्काले सांगितलं, तिनं पानं खुडली, कण्या आणि चण्याची डाळ टाकली, लसणाचा तडका दिला. वास असा सुटला की दोन्ही शिपाई वाडी सोडून ओसरीत येऊन बसले.

इथं माझं चुकलं, ते मी कबूल करते. श्रावणातला सोमवार. जमादाराले उपास, सकाळपासून एक केळं. पण वास आला आणि त्याचा महादेव तिकडंच राहिला. त्यानं भातासोबत तीनदा भाजी घेतली, मग म्हणाला जरा पाठ टेकतो, आणि पडवीतल्या खाटेवर असा झोपला की डोक्यावर कोंबडी चढली तरी हलला नाही. उपाशी पोटी एवढा भात गेला तर बैलही झोपते. पण चुन्नीलालनं लगेच शिपायाले म्हटलं, लिहा, सेवन केल्यावर सायबाले नशा चढली. आणि शिपायानं लिहिलं. पंचनाम्यात लिहिलं आहे बापा, वेळेसकट. जमादार उठला तेव्हा त्याले वाचून दाखवलं. त्यानं जीभ फिरवून पाहिली, हात डोळ्यापुढं धरून पाचही बोटं मोजली, आणि म्हणाला, हो, जरा हलकं तर वाटून राहिलं. झोप झाल्यावर हलकंच वाटते, हे त्याले कोणी सांगावं.

अठ्ठावीसही झाडं उपटून गाडीत टाकली. नमुना नागपूरले तपासाले गेला, उत्तर यायले तीन महिने लागतात म्हणे, कधी सहा. गाडी निघाली तेव्हा मागच्या शिपायानं अल्काले हळूच विचारलं, वहिनी, भाजी उरली काय. (दिली. डब्यात. डबा आला नाही.)

मले जेलची भीती नाही. तिथं तरी कोणी स्वयंपाक करून वाढंल. पण भूमिका. पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली, पेढे तूच सहा खाल्ले. दोन वर्षं डांबरी रस्त्यावर धावली, पायाची नखं गेली, गोळा फेकून फेकून खांदा उतरला. आता फक्त चारित्र्याचा कागद राहिला, म्हणजे ठाण्यानं लिहून द्यायचं की घर साफ आहे. आणि तो कागद लिहिणार हेच जमादार, येत्या पंधरवड्यात. नागपूरचं उत्तर येईपर्यंत घरावर गांजाची केस, आणि पोरीची वर्दी दुसऱ्याच्या अंगावर. त्या दिवशी ती पळायचे बूट घालून दारात उभी होती. जमादार गेला तरी तिनं बूट काढले नाहीत. मी म्हटलं, रडतेस कायले. म्हणाली, रडत नाही वो आजी, अंबाडीचा तडका लागला. खोटं बोलणंही तिले नीट येत नाही, पोलिसात काय करंल कोण जाणे.

तेव्हापासून मी विचार करून राहिली की हा कायदा कायले पाहिजे. तू म्हणशील म्हातारी चळली, पण ऐक. लहानपणी आपल्या गावचा मनिराम गुराखी आठव. जन्मभर चिलीम ओढली. दुपारी झाडाखाली बसे, म्हशीशी बोले, म्हशीनं उत्तर दिलं की हसे. एकदा बांधावर तीन तास बसून राहिला, म्हणे माझी सावली आधी पार होऊ दे. नुकसान काय, तर एक वासरू दुसऱ्या गावाले गेलं आणि आपलं आपण परत आलं. आता माझा नवरा घे, तुझे भाटवे. ते कायद्यानं प्यायले, सरकारमान्य दुकानातली, पाटी असलेली, आणि कायद्यानं घरी येऊन माझ्यावर हात टाकला. दारू पिणारा बायकोले मारते, गांजा पिणारा बायकोले भात मागते. तूच सांग कोणाले बंद करायचं.

गांजा अमृत आहे असं मी म्हणत नाही. मनिरामची बायको पाण्याच्या घागरी वाहून वाकली, तो सावलीचीच वाट पाहत राहिला. पोरासोरायले तर देऊच नये, आधीच त्यायच्या डोक्यात मोबाईल आहे, वर धूर कशाले. पण मोठ्या माणसाले सरकारनं दुकान लावून द्यावं, पाटी लावावी, तलाठ्यानं नोंद करावी की अमुक घरी एक झाड. एकच. दुसरं दिसलं तर दंड. महादेवाच्या जत्रेत साधू चिलीम फुंकते तेव्हा कोणी पंचनामा लिहीत नाही, तिथं पाया पडतात. मग आमच्या वाडीतच कायद्याले डोळे कसे येतात? आणि यात एक फायदा वेगळाच. कायदा सुटला तर पोलिसाले आधी झाड ओळखणं शिकवावं लागंल. ज्याले पान ओळखता येत नाही, त्यानं पानावरून माणसं कायले पकडावी.

हे मी जमादारालेही सांगितलं. तो म्हणाला, आजी, हे दिल्लीले लिहा. दिल्लीत माझं कोणी नाही, म्हणून तुले लिहून राहिली.

तुझी मोठी बाई,
सुशिला

ता. क. वाडीबद्दल एक राहिलं. बाबानं ती जागा तुझ्या नावावर घेतली म्हणून तीस वर्षं मी तुले टोमणे मारले, रक्षाबंधनालेही सोडलं नाही. शांतपणे विचार केला. बाबाचं बरोबर होतं. वाडी तुझीच आहे, सातबाराही तुझाच आहे, आणि त्यात काय उगवते ते मले म्हातारीले काय कळते. जमादाराले मी तसं सांगितलं आहे. त्याचं म्हणणं, मालकानं ठाण्यात येऊन लिहून द्यावं की झाडं माझी, बहिणीच्या घराशी संबंध नाही, तर भूमिकाचा कागद साफ निघंल. तुझं वय अडुसष्ट, तुले आता कोणती भरती व्हायची आहे? उद्या नागपूरहून अंबाडी निघाली की तू आपोआप सुटते. नाही निघाली तर पुढचं पुढं.

ता. क. दुसरा. निघंल अंबाडीच. उपटून नेली ती सारी अंबाडीच होती. पण तू पाठवलेल्या बियात एक बी वेगळं होतं, ते गोठ्यामागं आलं आहे. त्याचं पान आंबट नाही. झाडं उपटताना जमादारानं टोपी त्याच्याच फांदीवर टांगली होती. मी त्याचा पाला तेलात उकळून गुडघ्याले लावते, वीस दिवस झाले, काल मी विहिरीपर्यंत काठीशिवाय गेली. म्हणजे तू ठाण्यात जे लिहून देशील ते अगदीच खोटं नाही, बी तुझंच.

ता. क. तिसरा. वाचून चुलीत टाकजो. उत्तर नीलानं लिहायचं. तू विचार करशील, म्हणून तू फक्त सही करायची.