जिन्यातल्या कॅमेऱ्याची वायर

चिमे,

तू काल जिन्यात लावलेल्या कॅमेऱ्याला विजेची वायरच दिसेना. म्हटलं, पोरगी घाईत विसरली. चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला हे बघवतं का? दुपारभर खपून वरपर्यंत वायर ओढली, तर ती जोडायला जागाच नाही. जावईबापूंना फोन केला. ते म्हणाले, इंटरनेटच्या त्या बारीक केबलमधूनच त्याला वीज मिळते. मी गारच झालो.

उरलेली वायर परत करायला दुकानात जातोय. मी पडल्यापासून तू मला शिडी बंद केलीस, म्हणून शेजारी चढले होते असं सांगणार होतो. पण कॅमेरा कालपासून चालूच आहे म्हणे. तेव्हा खुशाल रागव, फक्त त्याआधी वायर किती सरळ ओढलीये ते बघ.

बाबा