लाल दोऱ्याचे तीन टोमॅटो

फरीदाबाद, २१ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

दिनकरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घे. इथल्या थंडीत माझा गुडघा सहाव्या अंगापर्यंतही पोचत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? बीपीची गोळी वेळेवर घेतेस, की आठवली की घेतेस? इकडे आम्ही खुशाल. म्हणजे वृंदा खुशाल आहे आणि मी तीन दिवस तिच्याशी बोलत नाही, पण ते अजून तिच्या लक्षात आलेलं नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि ही हकिगत अर्ध्यात तुटली तर सगळा दोष माझ्यावर येईल.

हकिगत आईच्या टोमॅटोची आहे. तुमचं साताऱ्याचं घर पाडून इमारत झाली, मागच्या अंगणाचं पार्किंग झालं, तेव्हा त्या चुण्याचुण्यांच्या, आंबटगोड टोमॅटोच्या बियांची शेवटची पुडी तू माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "दिनू, घालवू नकोस." (जपून ठेव नाही, सरळ घालवू नकोस! साठी उलटली तरी माझ्याबद्दलचं तुझं मत बदललेलं नाही.) ऑगस्टात मी गच्चीवरच्या कुंड्यांत सगळं बी पेरलं. शहाण्या माणसानं निम्मं मागे ठेवलं असतं, हे आता मलाही कळतं. सात रोपं आली. चार माकडांनी उपटली. खाल्लीही नाहीत, उपटून पाहिली आणि नापसंत करून टाकून दिली. दोन रोपं डिसेंबरच्या थंडीनं नेली. सातव्याला मी दाजींचा तपकिरी मफलर गुंडाळला, तू आठवण म्हणून दिलेला. रागावू नकोस. दाजी असते तर त्यांनी स्वतःच्या गळ्यातला काढून गुंडाळला असता. ते रोप जगलं.

पहिला टोमॅटो पिकून तडकला, त्याचं वृंदानं सार केलं. ताई, पहिल्याच घोटाला मला आईचं स्वयंपाकघर आठवलं आणि मी वाटी खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसलो. मग भानावर येऊन बी शोधलं, तर सारात एकही नाही. गाळून टाकलं असणार, म्हणून चरफडलो. पुढचे तीन मोठे टोमॅटो मात्र बियांसाठी झाडावरच पूर्ण पिकू द्यायचे ठरवले आणि त्यांना कुणी हात लावू नये म्हणून प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा बांधला. अडतीस वर्षं फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली मी. तिथे लाल खूण म्हणजे साहेब आला तरी हात लावायचा नाही. घरात लाल दोरा नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या देवळाबाहेरच्या दुकानातून कलावा आणला, पूजेत मनगटाला बांधतात तो. घात तिथेच झाला.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या दिवशी पुरुषमाणसाला घरात जागा नसते, म्हणून मी मेट्रोनं कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये जाऊन मिसळ खाऊन आलो. इकडे वृंदा गच्चीवर गेली आणि तिला झाडावर पूजेचा दोरा बांधलेले तीन टोमॅटो दिसले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, ती दर वर्षी म्हणते, तुम्ही हळदीकुंकवाला कसली म्हणून मदत करत नाही. यंदा तिला वाटलं, केली! डोळ्यांत पाणी आलं म्हणे तिच्या. तिनं ते तीन टोमॅटो तिळगुळाबरोबर तीन खास मैत्रिणींना वाण म्हणून दिले आणि वर सांगितलं, "यांनी स्वतः सजवलेत." ताई, कॉलनीतल्या बायका आता माझ्याकडे आदरानं बघतात.

सोमवारी मी वसुलीला निघालो. हेमांगीनं तिच्या टोमॅटोचं सँडविच करून खाल्लं होतं. तेजश्रीनं आधी फोटो काढले, मग कोशिंबीर केली. फोटो मला लगेच पाठवले, पण फोटो पेरता येत नाही. उरल्या विनयाताई. त्यांनी दोरा बघून तो प्रसाद समजून देव्हाऱ्यात ठेवलेला. अख्खा! मी हात जोडले (देवाला की टोमॅटोला, माहीत नाही). त्या म्हणाल्या, "अच्छा, दिलेलं वाण परत मागायला आलात? बिल्कुल मिळणार नाही. वाण दुसऱ्या बाईला देता येतं, पण जिनं दिलं तिला नाही. तुम्हाला बहीण आहे ना? तिला बोलवा." मी खरं ते सांगितलं, की दाजी गेल्यापासून ताई हळदीकुंकवाचं नाव काढलं तरी आतल्या खोलीत जाते. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या घरात आतली खोली नाही. चलो, रथसप्तमीपर्यंत ठेवते."

तेव्हा ताई, आईचं बी आता तुझ्या येण्यावर आहे.

तुझा,
दिनू

ता. क. तिकीट काढलंय. ६ फेब्रुवारी, खालचा बर्थ. परतीचं काढलेलं नाही.

ता. क. २. टोमॅटो नसता तरी बोलावलं असतं. दर वर्षी बोलावतोच, तू येत नाहीस. तू आल्याशिवाय मला इथे कुणी दिनू म्हणत नाही.

वन्सं, नमस्कार. मी वृंदा. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे आलं. साराच्या वेळी मी बी आधीच काढून, राखेत घोळवून वाळवलंय, आईंनी शिकवलं होतं तसं. सुपारीच्या डबीत आहे. यांना सांगितलेलं नाही, आणि विनयाला काय बोलायचं तेही मीच शिकवलं. चार बिया या पत्रातही घालता आल्या असत्या. मुद्दाम घातलेल्या नाहीत.