सात पायांचा ऑक्टोपस

दादा,

आज प्रॅक्टिकल आहे, म्हणून मी शाळेत गेलेय. वहिनीला दवाखान्यातून आणलंस की आधी पडवीत बसव. तुझ्याकडच्या चावीने तिचं कपाट उघड आणि निळी पिशवी काढून माझ्या गादीखाली लपव.

त्यात बाळासाठी विणलेला लोकरीचा ऑक्टोपस आहे. जन्माआधी बाळाचं काही करून ठेवायचं नसतं, असं आई बजावत होती. पण मीच मागे लागले, "शिकव ना गो वहिनी, कोणाला कळतंय!" मोजणीत चुकले आणि पाय सातच झाले. वहिनी हसून हसून लाल झाली. "हा म्हाकूल मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात कोणी फुकटसुद्धा नेणार नाही!" आठवा पाय बारशापर्यंत विणू म्हणाली.

आईला दाखवू नकोस, आणि उसवूही नकोस.

पेज झाकून ठेवलीय, वहिनीला गरम करून दे.

दादा, बाळ माझ्यामुळे तर गेलं नाही ना? एरवी माझं तोंड बंद नसतं, पण हे विचारता येत नाही. याच कागदाच्या मागे लिहून ठेव. माझी समजूत घालायला नको, खरं तेच लिही.

नेत्रा