बाबांचं विमान सरळ उडालं

सोमवार, ३

जॉयस्टिक आली. चालत नाही.

खेळ म्हणतो, जॉयस्टिक जोडलेलीच नाही. जोडलेली आहे — तिचा निळा दिवा माझ्यासमोर पेटलाय! बाबा बराच वेळ मागे उभे होते. मग आत जाऊन आईला म्हणाले, करेल ती, शिकलीये.

या घरात शिकलेली मी पहिली. त्यामुळे बिल चुकलं की मी, मोबाइल अडला की मी. दर वेळी वाटतं — आज पितळ उघडं पडणार.

पण बाबांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलेलं नाही. जन्म क्रेनच्या केबिनमध्ये गेला. यार्डाच्या ऑफिसात पूर्वी एक कॉम्प्युटर होता, जेवणाच्या सुट्टीत त्यावर ते विमानाचा खेळ खेळायचे. परवा एकदम म्हणाले, तो मिळेल का गं? पण बटणांवर नको, हातात धरायला दांडा पाहिजे. मामाने लगेच टोमणा मारला — दाजींना आता पायलट व्हायचंय. मामा बाबांच्याच यार्डात. बाबा वर केबिनमध्ये, मामा खाली उभा राहून हाताने इशारे देतो, त्यावर बाबा वजन उचलतात.

मंगळवार, ४

सापडलं! नव्या जॉयस्टिकला नको तितकी बटणं, दांडा पिळता येतो, वर वेग वाढवायची वेगळी पट्टी. खेळ जुना, विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातला. त्याला आडवं आणि उभं एवढंच कळतं. डॉसचे खेळ ज्या प्रोग्रॅममधून चालवतात, त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलं की जॉयस्टिक दोनच दिशांची आहे. लगेच ओळखली.

सुरुवातीला खेळ परीक्षा घेतो. दांडा वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. खालच्या उजव्या, दाबा. आता मध्ये स्थिर धरा. मी वाचून सांगत होते, बाबा करत होते. चेहरा असा, की समोर खरंच कुणी साहेब बसलाय.

विमान उडालं, पण थरथरत. पंख सारखे डावीकडे-उजवीकडे. बाबांनी विचारलं, "हे यंत्राचं आहे का?"

मी म्हटलं, हो, यंत्राचंच. तपासलं नव्हतं. तरी म्हटलं.

बुधवार, ५

जुने खेळ दांडा कुठे आहे ते वेळ मोजून ओळखतात म्हणे. आजचं मशीन इतकं पळतं की त्या मोजणीत गफलत होते. मोजायची ती पद्धत बंद केली. जॉयस्टिक टेबलावर ठेवली की विमान आता अगदी स्थिर. बाबांना बसवलं — पुन्हा थरथर! ते उठून गेले. जेवले नाहीत नीट.

मग डेडझोन सापडला. दांडा मधून जरासा हलला तर तो हललाच नाही असं धरायचं. तो जरा जरा करत वाढवत नेला. बाबांना पुन्हा हाक मारली.

विमान दोरीत चालल्यासारखं सरळ गेलं. बाबा बघतच राहिले. "काय केलंस?" मी म्हटलं, जॉयस्टिकमध्येच खोट होती, काढली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

तिथूनच त्यांनी यार्डाच्या साहेबांना फोन लावला. शेडच्या छपरावरून बॉयलर आत उतरवायचाय, ते काम बाबा कधीपासून टाळत होते. म्हणाले, शुक्रवारी घेऊ, मी आहे.

मी किती खूश होते!

गुरुवार, ६

अक्षर बघवत नाही.

आज मला ऑफिसला सुट्टी होती. दुकानदाराकडे जॉयस्टिकची तक्रार करायची होती. उगीच कुणावर आळ नको, म्हणून आधी तपासली. कॉम्प्युटरमध्ये एक चौकोन उघडतो, त्यात दांडा कुठे आहे ते फुलीने दिसतं. तिथे माझा डेडझोन लागू नाही. जॉयस्टिक टेबलावर ठेवली — फुली स्थिर. मी धरली — स्थिर. आई भांडी घासत होती, तिला तशाच ओल्या हातांनी धरायला लावली. स्थिर.

जॉयस्टिकला काहीही झालेलं नाही.

आईला विचारलं, बाबांचा हात? ती हात पुसत राहिली. मग म्हणाली, "हल्ली चहा अर्धा कपच देते मी त्यांना. सांडला की त्यांना लाज वाटते." तू बोलली का नाहीस? तर म्हणे, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, आब राखून घरी येऊ देत की.

मी म्हटलं, आई, उद्या बॉयलर आहे. आणि खाली तुझा भाऊ उभा असणार.

तिने खुर्ची ओढली आणि बसली.

आता कळतंय. बाबांना खेळायचं नव्हतंच. जिथे पडलं तर कुणी मरणार नाही, अशा ठिकाणी त्यांना हात बघायचा होता. आणि मी त्याची थरथर लपवली. त्यांच्यापासूनच!

डेडझोन शून्यावर आणला. बाबा कामावरून येईपर्यंत मी दाराकडे बघत बसले. कसं सांगू? त्यांनी काही विचारलंच नाही असं धरून गप्प बसू? एकदा तसंही मनात आलं. लिहून ठेवते.

आले. सांगितलं. म्हटलं, बाबा, काल ते सरळ गेलं ते माझ्यामुळे. तुम्ही पुन्हा धरून बघा.

ओरडले असते तर बरं झालं असतं. बूट न काढता बसले. वरचा डावा कोपरा. खालचा उजवा. आता मध्ये स्थिर धरा. विमान उडालं, थरथरलं, कलंडलं. दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं, तरी तेच.

"बंद कर," म्हणाले.

उद्या काय करणार, ते मात्र सांगितलं नाही.

शुक्रवार, ७

ऑफिसात एक ओळ वाचता आली नाही. दुपारी मामाचा फोन. बाबा केबिनच्या शिडीपर्यंत गेले, परत फिरले, साहेबांना सगळं सांगितलं. बॉयलर जमिनीवरच आहे.

शनिवार, ८

बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. नाव नोंदवायला लागले तर कंपाउंडर म्हणाला, नोंदलेलं आहे की, मागच्याच महिन्यात येऊन गेलेत. क्रेनवर चढू नका म्हणून डॉक्टर केवढे बोलले होते यांना.

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "डॉक्टर परके. म्हटलं, तुझ्याकडून खात्री करून घ्यावी."